बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग कसा काढावा, नाव कसं लावावं

"पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले, ते आलेच नाहीत." सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धातलं एवढं एकच वाक्य उरलेलं असतं. नाव कुणाला धड आठवत नाही, फोटो नसतो, तिथी माहीत नसते. मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झालो. हयात जुन्या दप्तरांत गेली. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरातलाही एक माणूस असाच गेला, माझ्या आजोबांचे वडील. त्यांचा शोध घेताना कोणता कागद कामाचा आणि कुठे नुसती पायपीट होते ते कळलं, म्हणून हे लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करा. "बसऱ्याला गेला" म्हणजे बसऱ्यातच गेला असं नाही. बसरा हे बंदर. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, आघाडीवर जाणारी फौज तिथे उतरायची आणि तिथून टायग्रिस नदीच्या काठाने वर जायची. आपल्याकडची माणसं जिथे सर्वांत मोठ्या संख्येने अडकली ते गाव कूत. जनरल टाउनशेंड यांची सहावी पूना डिव्हिजन बगदादजवळून मागे हटून तिथे आली आणि ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा घातला. २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपल्यावर सगळी फौज शरण गेली. गोरे, हिंदी, लढणारे आणि बिनलढाऊ धरून सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांत तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे खंदक-पूल बांधणाऱ्या पलटणीची, माणसंही होती. शिवाय पखालजी, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरवाले असे ३,००० वर लोक होते. तेव्हा पणजोबा शिपाई नव्हते म्हणून शोध सोडून देऊ नका.

घरातलं लोखंड-पितळ आधी

बाहेर कुठेही अर्ज करण्याआधी घरातली जुनी ट्रंक, देवघराचा खालचा कप्पा आणि आत्याबाईंची पेटी बघा. मुलीकडे गेलेल्या वस्तू टिकतात, मुलाकडच्या मोडल्या जातात, हा माझा अनुभव. महायुद्धाचं एक पदक चांदीचं होतं, त्यामुळे बहुतेक घरांत ते सोनाराकडे गेलं. कांस्याची चांदणी मात्र राहते, कारण तिचं मोल येत नाही. ही चांदणी, म्हणजे १९१४-१५ चा स्टार, ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत लढाईच्या मुलखात पोचलेल्यांना मिळाली. कूतचा वेढा पडला डिसेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे वेढ्यात सापडलेला प्रत्येक जण या स्टारचा धनी. गोल पदकावर नाव कडेला कोरलेलं असतं, चांदणीवर पाठीमागे. आधी शिपायाचा स्वतःचा नंबर, मग हुद्दा, नाव आणि शेवटी पलटण.

अक्षरं पुसट असतील तर चिंच लावून घासू नका, उरलंसुरलंही जाईल. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च पदकाच्या बाजूने, अगदी आडवा धरा आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढा. खाचांत सावली पडते आणि नंबर उठून दिसतो. आमच्या चांदणीवर हुद्दा आणि ११० हा आकडा असाच दिसला. नाव अर्धंच वाचता आलं, पण नंबर पूर्ण मिळाला. पुढच्या शोधात नावापेक्षा नंबर जास्त उपयोगी पडतो. एका पलटणीत एकाच नावाची पाच-सहा माणसं असायची.

दुसरी वस्तू म्हणजे हाताच्या पंजाएवढी, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्याची चकती. तिच्यावर उभी बाई, सिंह आणि चौकटीत नाव असतं, हुद्दा नसतो. काही घरांत ती देवाचं ताट समजून पुजली जाते. ही चकती फक्त मेलेल्या सैनिकाच्या वारसाला मिळायची. ती घरात असेल तर सरकारने माणूस मेला असं धरलं होतं, मग घरच्यांनी धरलेलं असो वा नसो.

चांदणीवर १०५, ११४ किंवा ११६ असेल तर तो मराठाच, पण कूतच्या तीन पलटणींपैकी नाही. तरी घाईने निकाल देऊ नका, एका पलटणीची माणसं दुसरीत धाडली जात. आणि १०३, ११०, ११७ या पलटणी शरणागतीनंतर नव्याने उभ्या केल्या गेल्या, त्यामुळे आकडा जुळला म्हणजे माणूस कूतमध्ये होताच असंही नाही. चांदणीची तारीख आणि पलटणीचा आकडा दोन्ही जुळले तरच पुढे जा.

तलाठ्याचं दप्तर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हा भाग बहुतेक लोक सोडून देतात आणि थेट लंडनला पत्र लिहितात.

शेतकऱ्याचा मुलगा हरवला की कधी ना कधी त्याच्या जमिनीचं काहीतरी करावं लागतं. ते फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, येतं. १९१६ ते १९३० या काळातल्या तुमच्या गावच्या फेरफार नोंदी मागा. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मिळते. अनेक जिल्ह्यांचे जुने फेरफार आता स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आलेत, घरबसल्या पाहता येतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि गट नंबराऐवजी जुना सर्व्हे नंबर टाकायचा. जुना नंबर माहीत नसेल तर गटवारीच्या वेळचं जुना-नवा नंबरांचं तुलना पत्रक आधी काढा.

आमच्या घरची नोंद १९२३ सालची निघाली. मजकूर असा: खातेदार पलटणीत नोकरीस होता, लढाईत गेला तो परत आला नाही, ठावठिकाणा नाही, सबब वारस अज्ञान मुलगा, अ.पा.क. आई. खाली पंचांचे अंगठे, कडेला सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची, सही. अज्ञान म्हणजे वयात न आलेला आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, हे महसुलातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण घरच्यांना सांगा, कारण या तीन अक्षरांमागे पणजीचं नाव आहे. आमच्याकडे तिचं नाव दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही.

१९२३ च का? १९१६ मध्ये सात मिळवा. सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो हयात असल्याचं जो म्हणेल त्याने ते सिद्ध करावं, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातला नियम. आमच्या सर्कल साहेबांनी तो धरला असावा. तुमची नोंद याच सुमारास सापडण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी १९२२ ते १९२५ चाळा.

नोंद सापडलीच नाही तर भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." बघा, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. थोरला भाऊ मॅनेजर म्हणून लागला असेल तर हरवलेल्याचा हिस्सा त्याच्याखाली झाकला जातो आणि वाटणी होते तेव्हाच, कधी वीस वर्षांनी, त्याच्या बायको-मुलाचं नाव वर येतं.

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, हे जन्म-मृत्यूचं रजिस्टर. पणजोबा त्यात मृत म्हणून नसणार, ते गावात मेलेच नाहीत. त्यात त्यांच्या मुलांचे जन्म शोधा. शेवटच्या मुलाचा जन्म कधी झाला त्यावरून ते शेवटचे सुट्टीवर कधी आले याचा अदमास लागतो. आमच्या आजोबांचा जन्म १९१५ च्या पावसाळ्यातला, म्हणजे त्यांच्या वडिलांनी बहुधा त्यांना पाहिलंच नाही.

हे कागद बहुतेक मोडीत असतात. घाबरू नका. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधाने मोडी वाचणाऱ्यांना चांगले दिवस आलेत, प्रत्येक जिल्ह्यात दोन-चार जण मिळतात. पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं. वाचकाला पूर्ण रजिस्टर देऊ नका, आधी गावातली आडनावं आणि "पलटण", "लढाई", "बेपत्ता" हे शब्द मोडीत लिहून घ्या, स्वतः पानं चाळा आणि तेवढीच पानं त्याच्याकडे न्या. पैसे वाचतात आणि तोही वैतागत नाही.

नाव जगाच्या यादीत शोधणं

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं संकेतस्थळ. महायुद्धात मेलेल्या हिंदी सैनिकांची नावं इथे फुकट शोधता येतात. ज्यांची कबर माहीत नाही अशी मेसोपोटेमियातली ४०,००० हून जास्त माणसं बसरा स्मारकावर नोंदलेली आहेत. ते स्मारक १९२९ साली बसऱ्याजवळच्या गोदीपाशी उभं राहिलं आणि १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमावरून तिथून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. त्याच्या दगडी पाट्यांवर हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या हिंदी शिपायांची नाहीत, तिथे पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आहे, इतके आणखी शिपाई म्हणून. नावं छापील यादीत राहिली. कमिशननेच २०२१ मध्ये अहवाल काढून हा दुजाभाव कबूल केला. म्हणून स्मारकाच्या फोटोत नाव दिसलं नाही तर निराश होऊ नका, यादी बघा.

शोधताना खरं कसब स्पेलिंगचं. लिहून घेणारा कारकून मराठी नसायचा. सखाराम, लक्ष्मण, तुकाराम, विठू, भाऊ या नावांची रोमन अक्षरांत चार-चार रूपं करून पाहा. आडनावाच्या रकान्यात पहिलं नाव टाका, मग उलटं करा. यातलं काहीच लागलं नाही तर नाव रिकामं ठेवा, फौजेत "इंडियन" निवडा, स्मारकात बसरा निवडा, पलटणीत मराठा टाका आणि मृत्यूचं साल १९१६ ते १९१८ धरून सगळी यादी डोळ्यांखालून घाला. बऱ्याच नोंदींना शेपटी असते: अमक्याचा मुलगा किंवा अमकीचा नवरा, गाव, तालुका, जिल्हा, बॉम्बे. गावाचं नाव वेडंवाकडं असलं तरी तालुका ओळखू येतो. आमची नोंद अशीच तालुक्यावरून सापडली आणि नंबर चांदणीशी ताडून घेतला. तुमच्या गावची इतर नावंही याच वेळी टिपून ठेवा, पाटीच्या वेळी लागतील.

मृत्यूच्या तारखेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कैदेत कोण कधी मेला हे लिहायला कुणी बसलं नव्हतं. कूतजवळच्या शुमरानच्या तळावरून कैद्यांना बगदादला नेलं, समाऱ्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून तिक्रित, मोसुल, नुसैबिन अशी पायपीट. उन्हाळा होता, अंगात पाच महिन्यांची उपासमार होती. कूतमध्ये असताना घोड्याचं मांस खायला बरेच हिंदी शिपाई आधी तयार नव्हते, तेव्हा स्कर्व्ही झालेली माणसं आता चालत होती. जे पोचले त्यांतल्या बऱ्याच हिंदी कैद्यांना रास अल ऐन इथे बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं. हे ठिकाण आज सीरियात, तुर्कस्तानच्या सीमेला लागून आहे. वाटेत जो बसला तो बसला. अशा माणसाची तारीख म्हणजे कार्यालयाने धरलेली तारीख असू शकते.

अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कैद्यांच्या काही कबरी नंतर बगदादच्या नॉर्थ गेट स्मशानभूमीत हलवल्या गेल्या. नोंदीत बसरा स्मारकाऐवजी हे नाव आलं तर तुमचं नशीब मोठं, माणसाला जागा आहे.

बाकी ठिकाणं झटपट सांगतो. जिनिव्हाच्या रेड क्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या स्कॅन करून खुल्या केल्यात. नावाच्या अक्षरक्रमाने चाळावी लागतात, चिकाटी असेल तरच हात घाला. पलटणींच्या युद्ध-डायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, पण त्यांत शिपायाचं नाव क्वचितच येतं. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल एकदा तरी चाळावं. पलटणींचे आकडे १९२२ मध्ये बदलले: १०३ ची पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, ११० ची तिसरी, ११७ ची पाचवी. आजचं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. तिथे पत्र लिहायचं तर नंबर, जुनी पलटण आणि साल घालून लिहा, "आमचे पणजोबा सैन्यात होते" असं लिहून काही होत नाही. खडकीच्या युद्ध स्मशानात किंवा इंडिया गेटवर हे नाव शोधत फिरू नका, तिथली नावं वेगळ्या मृतांची आहेत. आणि पणजोबा कोकणातले खलाशी असतील, बोटीबरोबर बुडाले असतील, तर त्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

एवढं करूनही यादीत नाव नसेल आणि तुमच्याकडे पक्का कागद असेल, तर कमिशनला कळवा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात नोकरीत असताना मेल्याचा पुरावा दिला तर सुटलेलं नाव ते आजही घेतात. चुकलेलं स्पेलिंग दुरुस्त करायलाही त्यांनाच लिहायचं.

तिथी कोणती धरायची

आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा, भटजींना नंतर. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करतात, तो पालाशविधी. तो तुमच्या घरी झाला असेल तर त्याची तिथी कुणाच्या तरी लक्षात असते, तीच पुढे चालवा, दुसऱ्यांदा करू नका. आमच्या पणजीने तो करूच दिला नाही. शेवटपर्यंत कुंकू लावलं आणि नवऱ्याचं पान कधी वाढू दिलं नाही. ती गेल्यावर दोघांचं एकत्रच सर्वपित्री अमावास्येला घालायला लागले, कारण तिथी माहीत नसलेल्यांची तीच. काही भटजी घातचतुर्दशी सुचवतात, ती शस्त्राने मेलेल्यांची. कैदेत उपासमारीने, आजाराने गेलेल्याला ती लागू होत नाही असं माझं मत, पण यावरून घरात भांडण काढू नका.

मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. त्यांच्या घरी फातिहा होतो आणि त्याला बारा वर्षं थांबावं लागत नाही.

गावाने मिळून आठवण करायची तर २९ एप्रिल धरावी, असं मी सुचवेन. ती तारीख पक्की आहे आणि गावातल्या सगळ्या कूतवाल्यांना सारखी लागू आहे.

पाटी

बऱ्याच गावांत चावडीवर, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत इंग्रजांच्या वेळची दगडी पाटी असते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके गेले, पैकी इतके कामी आले. नुसते आकडे. ती पाटी काढू नका, रंगवू नका, तिच्या खाली किंवा शेजारी नावांची नवी पाटी लावा. आकडा आणि तुम्ही गोळा केलेली नावं जुळतात का पाहा. कमी भरली तर खाली जागा मोकळी सोडा, दगड कापणाऱ्याला ते आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो मोकळ्या जागेत तलवारी आणि वेल काढून मोकळा होतो.

जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव लागतो. १ मेची सभा या कामाला बरी, विषय महिनाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, लेखी द्या. सभेत कुणीतरी उठून म्हणणारच, "इंग्रजांसाठी मेला, त्याचं कसलं स्मारक?" त्यावर भाषण करू नका. त्याच्या घरचं नाव यादीत आहे का, तेवढं बघून सांगा. आमच्या सभेत विचारणाऱ्याच्याच चुलत पणजोबांचं नाव निघालं आणि ठराव त्याच्याच सूचनेने मंजूर झाला.

मजकुरात "वीरमरण", "धारातीर्थी" असले शब्द घालण्याचा मोह होतो. घालू नका. तो धारातीर्थी पडलेला नाही. जे कागदावर आहे तेवढंच लिहा. आम्ही असं लिहिलं: नंबर, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव मिळालं नाही म्हणून बायकोचं, पलटण ११०, कूत येथे कैद २९ एप्रिल १९१६, त्यानंतर बेपत्ता. शाळेतल्या मास्तरांनी "बेपत्ता"च्या जागी "हुतात्मा" सुचवलं होतं. मी फेरफाराची नक्कल दाखवली, तीत "ठावठिकाणा नाही" आहे, आणि तेच ठेवलं.

पाटी लागली की सगळ्या नकलांचा एक संच शाळेत आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा, प्रत्येक नकलेच्या मागे ती कुठून आणि कोणत्या अर्जावर मिळाली ते पेन्सिलने लिहा. पदकाचे फोटो मोबाइलमध्येच राहू देऊ नका, छापून घ्या. आणि कमिशनच्या नोंदीतलं स्पेलिंग दुरुस्त करायचं असेल तर पाटीचा फोटो पाठवू नका, त्यांना तो पुरावा वाटत नाही. १९२३ चा फेरफार, त्याचं बालबोध (देवनागरी) वाचन आणि इंग्रजी भाषांतर, तिन्ही एकाच पीडीएफमध्ये पाठवा.